“माझी आई वारली, सर!”

शाळामास्तराच्या पदरात पगाराखेरीज ज्या किरकोळ गोष्टी पडतात, त्यांत मुलांच्या सबबींचा एक संग्रह असतो. माझ्यापाशी तो पस्तीस वर्षांचा आहे. पोटात दुखत होते, लोकल चुकली, धाकट्या भावाने वहीवर दूध सांडले, या झाल्या रोजच्या. जरा हिंमतवान मुले त्यापुढे जात. एका चिरंजिवांची आजी माझ्या वर्गात जून ते मार्च एवढ्या अवधीत तीनदा वारली. तिसऱ्या खेपेला मी म्हटले, “फार वाईट झाले रे, या वेळी तरी तेराव्याला बोलाव.” सारा वर्ग हसला आणि तोही हसला. आजीला मारणे हा सबबींच्या शास्त्रातला मान्य प्रकार आहे. आजोबा, मामा, दूरची आत्या, सगळे चालतात. पण आईला कोणी हात लावीत नाही. पस्तीस वर्षांत कितीही पेचात सापडलेल्या एकाही पोराने मला “आई वारली” म्हणून सांगितले नाही.

असे सांगणारा एकच मुलगा मी पाहिला, तो पडद्यावर.

या पानाचे नेहमीचे वाचक जाणतात की मी चित्रपटांवर सहसा लिहीत नाही. ते काम जाणत्यांचे. पण दिवाळीच्या अंकात संपादक जागा थोडी सैल सोडतात, आणि एक फ्रेंच चित्रपट पाऊणशे वर्षांच्या आयुष्यातली निम्म्याहून अधिक वर्षे माझ्या मानगुटीस बसला आहे. म्हटले, यंदा तो उतरवून ठेवावा.

१९७८ च्या फेब्रुवारीत दादरला एका फिल्म सोसायटीच्या खेळाला आम्ही उभयता गेलो होतो. नवे लग्न, खिशात मास्तराचा पगार, आणि एका सभासदमित्राने दिलेले दोन पास, एवढेच निमित्त. फ्रेंच चित्रपट म्हटल्यावर हिने जरा साशंक चेहरा केला होता; शेजारी कोणी ओळखीचे नाही ना, हेही तिने पाहून घेतले. पडद्यावर निघाले काय, तर एक वर्ग, बाके, फळा, आणि करड्या चेहऱ्याचे एक मास्तर. “तुमचीच शाळा की!” ही माझ्या कानाशी लागून म्हणाली.

चित्रपटाचे नाव ‘ले कात्र साँ कू’. इंग्रजीत कोणी तरी त्याचे शब्दशः ‘चारशे तडाखे’ असे करून ठेवले आणि पुष्कळांची अशी समजूत झाली की यात पोराला चारशे थोबाडीत बसतात. बसतात, पण इतक्या नाहीत. फ्रेंचमध्ये तो वाक्प्रचार आहे. आपल्याकडे एखाद्या द्वाड पोराबद्दल ‘त्याच्या नसत्या उचापती’ म्हणतात ना, त्या अर्थाचा. १९५९ सालचा चित्रपट. काढणाऱ्याचे नाव फ्रांस्वा त्रुफो, वय सत्तावीस, आणि हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. त्याआधी तो चित्रपटांवर टीकालेख लिहीत असे, तेही असे तिखट की १९५८ साली कानच्या महोत्सवाने त्याला दारच बंद केले होते. पुढच्याच वर्षी त्याच महोत्सवाने त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक दिले. हा भाग ऐकायला गमतीचा आहे. चित्रपट मात्र तसा गमतीचा नाही, जरी त्यात हसू पुष्कळ येते.

गोष्ट पॅरिसमधल्या आंतवान द्वानेल नावाच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाची. वर्गात एक नको ते चित्र बाकांखालून फिरत असते. ते हातोहात सगळ्यांकडे जाते, पण पकडला जातो आंतवान. काही मुलांच्या कपाळी हे लिहिलेलेच असते. प्रत्येक मास्तराला असा एक मुलगा ठाऊक असतो. वर्गात कुठेही खडू पडला की आपली मान आधी त्याच्याकडे वळते. आंतवानला कोपऱ्यात फळ्यामागे उभे करतात, मधल्या सुट्टीतही सोडत नाहीत. तो तिथे भिंतीवर आपल्या अन्यायाची कविता लिहितो. त्याबद्दल पुन्हा शिक्षा: भिंत घाण केल्याचे एक लांबलचक वाक्य सगळ्या काळांत आणि पुरुषांत चालवून आण.

तो घरी जातो. आता हे घर पाहण्यासारखे आहे. लहानसे बिऱ्हाड, इतके लहान की एकाने कपाट उघडले तर दुसऱ्याने भिंतीला चिकटावे. आंतवानची झोपण्याची जागा दारालगतच्या बोळकांडीत. रात्री कोणी उशिरा घरी आले की त्याच्या अंगावरून ओलांडून जाते. त्याच्या अंथरुणाचा उपयोग तो पडल्या पडल्या आईबापांची भांडणे ऐकण्यासाठी होतो, आणि त्यांतली काही भांडणे त्याच्याविषयीच असतात. तो घरात आल्यावर शेगडीत कोळसा घालतो, टेबल मांडतो, विसरलेले पीठ आणायला धावतो, रात्री कचऱ्याचा डबा खाली नेऊन ओततो. यातले काहीच क्रूर नव्हे. माझ्या लहानपणी मी रॉकेलच्या रांगेत उभा राहत असे आणि त्याबद्दल मला कोणी दया दाखवली नाही. पण आंतवानकडे कामाखेरीज कोणी बघतच नाही. आई घरी आली की तिचे पहिले वाक्य पिठाचे असते. वडील विनोदी आहेत, मोटारींच्या क्लबाचा नाद असलेले, पोराशी थट्टामस्करी करणारे. त्यांच्याबद्दल आपल्याला आपुलकीच वाटते. ते त्याचे सख्खे वडील नव्हेत, हे आपल्याला मागाहून कळते. त्यांनी त्याला नाव दिले आहे, आणि भांडण झाले की ते हे बायकोला ऐकवतात.

घरी कोणी नसताना हा मुलगा आईच्या आरशासमोर बसतो. तिचे अत्तर हुंगतो, तिची पापण्या वळवण्याची चिमटी उचलून पाहतो. कोणी काही बोलत नाही, संगीतही फारसे नाही. आईजवळ बसायला न मिळालेला मुलगा तिच्या वस्तूंजवळ बसतो, एवढेच.

कामांच्या धांदलीत शिक्षेचे ते वाक्य लिहायचे राहून जाते. ते नाही म्हणून सकाळी शाळेत जायची भीती. भीती म्हणून रने नावाच्या जिवलग मित्राबरोबर शाळा बुडवणे. आपण याला उनाडकी म्हणतो. सुरुवात पाहिली तर ती गृहपाठाची थकबाकी असते. दोघे दिवसभर पॅरिसभर हिंडतात, जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या मोठ्या पिंपात भिंतीला चिकटून उभे राहतात. त्या पिंपात त्यांच्याबरोबर त्रुफो स्वतःही एका खेळात उभा आहे, बारकाईने पाहणाऱ्याला दिसतो. आणि मग भर रस्त्यात आंतवानला आई दिसते, एका परक्या पुरुषाच्या मिठीत. तिलाही तो दिसतो. दोघेही घरी काही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तर विचारतात, काल का आला नाहीस? चिठ्ठी कुठे? आंतवान अडखळतो, म्हणतो, आई, सर. काय झाले आईला? आणि त्याच्या तोंडून निघते की ती वारली.

आता मास्तरांचा चेहरा पाहा. तो करडा माणूस क्षणात विरघळतो. माफी मागतो. मला ठाऊक नव्हते रे, म्हणतो. असे काही असेल तर आम्हा मास्तरांना विश्वासात घ्यावे, म्हणतो. सबंध चित्रपटात त्या शाळेत आंतवानशी कोणी मायेने बोलल्याचा हा एवढा एकच प्रसंग, आणि तो थापेने मिळवलेला. दादरच्या त्या काळोख्या हॉलमध्ये मी तेव्हा हसलो होतो. यंदा पुन्हा पाहताना मला हसू आले नाही.

थाप अर्थातच टिकत नाही. वर्गाच्या दाराच्या काचेतून आईचा अगदी जिवंत आणि संतापलेला चेहरा दिसतो. वडील सगळ्या मुलांदेखत त्याला थोबाडीत देतात. त्या रात्री तो घरी जात नाही. एका छापखान्यात आसरा घेतो, पहाटे दारापुढची दुधाची बाटली पळवून गटागटा पितो, थिजलेल्या कारंज्याचा बर्फ फोडून तोंड धुतो. आणि शाळेत वेळेवर हजर होतो! घर सोडलेला मुलगा शाळा सोडत नाही, हे आम्हा मास्तरांनी पाहून ठेवण्यासारखे आहे.

मग आई त्याला घरी आणते. न्हाऊ घालते, पुसते, आपल्या बिछान्यात निजवते, आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगते. मीही घर सोडून पळाले होते, म्हणते. फ्रेंच निबंधात पहिल्या पाचांत आलास तर एक हजार फ्रँक देईन, म्हणते. पाहताना आपल्याला वाटते, सुटले बुवा एकदाचे. पण तिला ठाऊक आहे की त्याने तिला रस्त्यात पाहिले आहे. माया किती आणि तोंड बंद ठेवण्याची किंमत किती, हे त्रुफो आपल्याला सांगत नाही. मला वाटते, ते तिलाही सांगता आले नसते.

निबंधाचा भाग आला की मी आजही खुर्चीत नीट बसू शकत नाही. आंतवान बाल्झाकची एक कादंबरी वाचतो आणि पेटून उठतो. इतका, की भिंतीतल्या कोनाड्यात बाल्झाकचे चित्र लावून त्यापुढे मेणबत्ती ठेवतो. (तिने पडदा पेटतो, घरात आकांत होतो. पण त्या रात्री आईच्याच सांगण्यावरून तिघे सिनेमाला जातात आणि गाडीत खदखदा हसत घरी येतात. सबंध चित्रपटातली सुखाची रात्र ती एकच.) वर्गात विषय येतो, स्वतः अनुभवलेला गंभीर प्रसंग. आंतवान आजोबांच्या मृत्यूवर लिहितो आणि बाल्झाकच डोक्यात भिनलेला असल्यामुळे त्याची वाक्ये तशीच्या तशी उतरतात. चोरावे असे त्याच्या मनात नाही. ज्याची पूजा केली त्याचे शब्द तोंडात आले. पण मास्तरांच्या लेखी ती उघड उघड चोरी. ते साऱ्या वर्गापुढे त्याची शोभा करतात आणि त्याला वर्गाबाहेर काढतात. त्याची बाजू घेतली म्हणून रनेलाही घालवतात. त्यानंतर आंतवान शाळेत पाऊल ठेवत नाही.

आता माझी गोष्ट. हा चित्रपट पाहण्याआधी दोनच महिने, सहामाहीनंतर, मी नववीच्या वह्या तपासत होतो. विषय ‘पहाटेचे शहर’. एका अगदीच सामान्य मुलाच्या वहीत मला एक वाक्य सापडले: रात्रभर जागलेले दिवे सकाळी ओशाळल्यासारखे दिसतात. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले, चांगले म्हणून नव्हे. “हे कुठल्या गाइडातले, ते आम्हालाही कळू दे,” असे म्हणालो. मुले हसली. मास्तराच्या विनोदाला मुले हसतातच. तो उभा राहिला, बोटाने बाकावरची खपली काढीत राहिला, बोलला काहीच नाही. त्याच्या गप्प बसण्याला मी कबुली समजलो.

ते वाक्य त्याचे होते की कुठले, मला आजही ठाऊक नाही. पण वार्षिक परीक्षेत त्या मुलाने बाजारातल्या गाइडमधला निबंध अथपासून इतिपर्यंत उतरवला, स्वल्पविरामांसकट. मी तो ओळखला, आणि वीसपैकी अकरा गुण दिले. सगळेच तसे लिहीत. मधल्या काळात मी चित्रपट पाहिला होता. दादरहून परतताना गाडीत मी हिला सगळे सांगितले होते, आणि उद्याच त्याला बाजूला घेऊन बोलतो, असेही म्हटले होते. उद्या शाळेत तपासणी होती. मग परीक्षा आल्या. मग सुट्टी लागली, आणि जूनमध्ये त्याची तुकडी दुसऱ्या मास्तरांकडे गेली.

असो. पडद्यावरचा मुलगा आता घसरणीला लागतो. रनेच्या घरी लपून राहणे, आणि मग वडिलांच्या कचेरीतला टाइपरायटर चोरणे. तो काही केल्या विकला जात नाही. आंतवान तो परत ठेवायला जातो, मोठा माणूस दिसावे म्हणून डोक्यावर हॅट घालून, आणि परत ठेवतानाच रखवालदाराच्या हाती सापडतो. चोरताना नाही सापडला! वडील त्याला दंडाला धरून पोलीसचौकीवर नेतात. तिथे कोणी वाईट वागत नाही. टंकलेखक जबानी टंकतो, बोटांचे ठसे घेतात, समोरून आणि बाजूने फोटो काढतात. रात्री वेश्या आणि चोरांबरोबर जाळीच्या गाडीत घालून त्याला नेतात तेव्हा बाहेर पॅरिसचे रंगीत दिवे सरकत असतात आणि जाळीआडून बघणाऱ्या त्या चेहऱ्यावर पाणी चमकते. त्याला मारणारा, छळणारा असा एकही खलपुरुष चित्रपटभर नाही. त्रुफोने एखादा घातला असता तर आपल्याला फार बरे वाटले असते. सगळे आपापले काम करणारे, कावलेले, उद्या बोलू म्हणणारे.

त्याला मुलांच्या निरीक्षणगृहात पाठवतात. समुद्राजवळ असेल तर बरे, असे आईच न्यायाधीशांना सुचवते. जेवणाच्या टेबलावर इशाऱ्याआधी पावाचा तुकडा तोडला म्हणून तिथला एक अधिकारी मनगटावरचे घड्याळ काढून ठेवतो आणि त्याच्या थोबाडीत देतो. तिथल्याच एका मानसतज्ज्ञ बाई त्याला प्रश्न विचारतात. आपल्याला बाई दिसतच नाहीत, फक्त आवाज. समोर सतत तो मुलगा, टेबलावर बोटे फिरवीत बोलणारा. झां-पिएर लेओ हा तो चौदा वर्षांचा मुलगा. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून आलेला, आणि या प्रसंगातली त्याची उत्तरे बव्हंशी त्याची स्वतःची, ऐन वेळी सुचलेली. तू खोटे का बोलतोस, या प्रश्नावर तो सांगतो की कधी कधी खरे बोलूनही ते विश्वास ठेवत नाहीत, मग खोटेच बरे. आपण जन्माला यावे असे आईला वाटत नव्हते, आजीने हट्ट धरला म्हणून आपण आलो, हेही तो सांगतो, एखादा मुलगा घराचा पत्ता सांगतो तसे. बाई तेवढे विचारतात, आणि तो इतके बोलतो. सबंध चित्रपटात त्याला असे बसवून कोणी विचारलेलेच नसते.

रने त्याला भेटायला एवढ्या दुरून सायकल हाणीत येतो. त्याला आत सोडत नाहीत. दोघे काचेआडून एकमेकांकडे पाहतात. आई येते ती एवढे सांगायला की आता तुला घरी घेणे नाही.

फुटबॉल खेळताना चेंडू बाहेर जातो तेव्हा आंतवान कुंपणाखालून निसटतो आणि धावत सुटतो. मिनिटाहून अधिक वेळ तो नुसता धावतो. झाडे, कुंपणे मागे जातात, पावलांचा आवाज येतो. समुद्र त्याने कधी पाहिलेला नसतो. तो वाळू तुडवीत पाण्यापाशी येतो, बुटांसकट पाण्यात जातो, आणि पुढे जायला जागा नाही म्हणून वळतो. आपल्याकडे पाहतो. चित्र तिथेच थिजते. संपले.

यंदा श्रावणात माझ्या नातीला ताप होता आणि तिची शाळा अगदी प्रामाणिकपणे बुडाली होती. ती आठवीत आहे. तिने माझ्याबरोबर घरच्या पडद्यावर हा चित्रपट पाहिला. पहिली दहा मिनिटे नाइलाजाने, पुढे पांघरुणातून उठून बसून. चेहरा थिजला तेव्हा तिने विचारले, “आजोबा, मग त्याला घ्यायला कोणी आलं का?”

मी तिला म्हटले, सुरुवातीची नावे पुन्हा लाव. ती नावे चालू असताना तिचे लक्ष नव्हते. त्यांत लिहिले आहे की हा चित्रपट आंद्रे बाझां यांच्या स्मृतीस अर्पण. चित्रपटात या नावाचा कोणीच नाही. ते का, हे सांगायचे तर त्रुफोची स्वतःची गोष्ट सांगावी लागते.

त्रुफो १९३२ साली जन्मला, आईचे लग्न होण्यापूर्वी. पुढे आईने ज्याच्याशी लग्न केले त्याने मुलाला आपले नाव दिले. पहिली वर्षे दाईकडे, मग आजीकडे गेली. आजी वारल्यावर तो आईवडिलांच्या लहानशा बिऱ्हाडात आला. त्या दोघांना डोंगर चढण्याचा नाद. सुट्टीच्या दिवसांत पोरगा एकटा. तो शाळा बुडवून चित्रपट पाही. एकदा सबब म्हणून त्याने वडिलांना जर्मनांनी पकडून नेले असे सांगितले. पॅरिस तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होते, थाप पटण्यासारखी होती. युद्ध सरले, चित्रपटाचा काळ पुढचा, म्हणून पडद्यावर वडिलांऐवजी आई गेली. १९४८ साली, सोळाव्या वर्षी, त्याने स्वतःचा फिल्म क्लब काढला, कर्ज करून बसला, आणि वडिलांनी त्याला पोलिसांच्या स्वाधीन केले. तिथून पॅरिसजवळच्या व्हिलज्युइफच्या निरीक्षणगृहात. इथवर आंतवान आणि फ्रांस्वा बरोबर चालतात.

इथे मात्र खऱ्या गोष्टीत एक माणूस येतो. आंद्रे बाझां, वय तीस, चित्रपटांवर लिहिणारा, कामगारांना चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा करणारा. प्रकृतीने किरकोळ, पैशाने त्याहून किरकोळ. क्लबाच्या निमित्ताने त्याची या पोराशी ओळख झालेली. त्याने अधिकाऱ्यांकडे या पोराची हमी घेतली, त्याला बाहेर काढले, काम मिळवून दिले. दोन वर्षांनी त्रुफो सैन्यात भरती झाला आणि तिथूनही पळाला. कैद झाली. पुन्हा बाझां आणि त्याची बायको हेलपाटे घालू लागले. सुटल्यावर त्याला आपल्या घरातच ठेवून घेतले. बाझांने मित्रांबरोबर १९५१ साली काढलेल्या मासिकात पुढे त्रुफोने ते तिखट लेख लिहिले. आणि १० नोव्हेंबर १९५८ रोजी या चित्रपटाचे चित्रण सुरू झाले, त्याच रात्री बाझां रक्ताच्या कर्करोगाने वारला. चाळीस वर्षांचा होता. त्रुफो पहिल्या दिवसाचे काम आटोपून त्याच्या उशाशी गेला होता.

चित्रपटातल्या मुलाला बाझां भेटत नाही. त्रुफोने आपल्या बालपणातून तेवढे एकच माणूस वजा केले, आणि उरले ते दाखवले. नात थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मग याच्यात का नाही घेतलं त्यांना? घ्यायला काय झालं होतं?” मला याचे नीट उत्तर देता आले नाही. मी तिला एवढेच सांगितले की पुढे त्रुफोने लेओला मुलासारखे हाताशी धरले, त्याला शाळा मानवेना तेव्हा आपल्याकडे कामाला घेतले, आणि आंतवानचीच गोष्ट त्याच्याबरोबर वीस वर्षे पुढे नेली. १९७० साली त्याने रानात सापडलेल्या एका मुलाला माणसांत आणणाऱ्या डॉक्टरवर चित्रपट काढला. डॉक्टरचे काम स्वतः केले, आणि चित्रपट लेओला अर्पण केला.

एवढ्यावर मी थांबलो असतो, पण आमच्या घरात या चित्रपटावर सत्तेचाळीस वर्षे एक वाद चालू आहे, आणि त्यात दुसरी बाजू भक्कम आहे. दादरहून परतताना माझे पश्चात्तापाचे भाषण ऐकून झाल्यावर ही म्हणाली होती, “मुलाला कोणी विचारलं नाही, ते खरं. पण त्या बाईला तरी कोणी विचारलं? लग्नाआधी मूल, कचेरीत नोकरी, घरी येऊन स्वयंपाक, आणि नवरा सतत उपकार सांगणार. तिला बोलायला मिळालं ते फक्त न्यायाधीशापुढे.” मी तेव्हा म्हणालो होतो की चित्रपट मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. “मग त्याने मोठं झाल्यावर पुन्हा एकदा बघावं,” ही म्हणाली.

बोलणे बरोबरच होते. चित्रपट गाजला तेव्हा त्रुफोच्या आईवडिलांना तो फार लागला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातेवाइकांनी पाहिला असणार. आपल्या घरचे उणे साऱ्या जगाच्या तिकिटावर दाखवले गेले तर आपल्यापैकी कोणाला सोसेल? घरात दुरावा आला. आई १९६८ साली वारली.

आंतवानचा शेवटचा चित्रपट १९७९ चा, ‘लामूर आँ फ्वित’. तो मी उगाच टाळत आलो होतो. चांगला नाही असे कोणीसे सांगितले होते. नात बरी झाल्यावर तिनेच तो शोधून काढला आणि गेल्या आठवड्यात, फराळाच्या गडबडीत, आम्ही तिघांनी पाहिला. खरेच बेताचा आहे, जुन्या चित्रपटांचे तुकडे जोडून बराचसा उभा केलेला. पण त्यात एके ठिकाणी तिशी ओलांडलेल्या आंतवानला एक म्हातारा गृहस्थ भेटतो. हाच तो, भर रस्त्यात आईला मिठीत घेणारा. आंतवान त्याला ओळखतो. तो म्हातारा रागावत नाही, लाजतही नाही. तुझी आई तुझ्यावर प्रेम करीत होती, म्हणतो. आणि आंतवानला मोंमार्त्रच्या स्मशानात तिचे थडगे दाखवायला नेतो. आंतवान ते कधी पाहायला गेलेला नसतो.

हिने हातातले काम थांबवून तेवढा भाग पाहिला.

“वीस वर्षं लागली म्हणजे त्याला,” असे म्हणाली, आणि चकलीचे तेल तापले का ते पाहायला आत गेली.